हिवाळ्याच्या बैलाचं शिंग

त्या वर्षी बर्फ वेळेवर पडला, आणि मग जे पडायला नको होतं तेही पडलं. पाऊस.

होबोरोस अंगणात लाकडं फोडत होती. टोपीवर टपटप झालं तेव्हा तिला आधी वाटलं, छपरावरून काहीतरी गळतंय. तिने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली, हातमोजा काढला आणि तळहात पुढे केला. पाणीच होतं. ऑक्टोबर अर्धा सरला होता, तळं गोठून त्यावरून माणसं ये-जा करत होती, आणि आभाळातून पाणी पडत होतं. ती घरात गेली नाही. कुंपण ओलांडून थेट कुरणाकडे चालू लागली.

कळप तळ्याच्या पलीकडच्या काठाला उभा होता. सगळ्यांच्या पाठी भिजलेल्या. तुल्लुक, कळपाच्या पुढे चालणारी पांढुरकी घोडी, मान वळवून तिच्याकडे बघत होती. हिवाळा सरताना येणाऱ्या चिमुकल्या पांढऱ्या पक्ष्याचं नाव तिला ठेवलं होतं, कारण ती तशाच दिवसांत जन्मली होती. होबोरोस तिच्याजवळ जाऊन उभी राहिली, पण हात लावला नाही. दोघी एकमेकींसमोर पावसात उभ्या राहिल्या, इतकंच.

मग आभाळ निवळलं आणि थंडी आली. कुरण सकाळी काचेसारखं चमकत होतं.

सैबेरियातल्या या साखा लोकांचे घोडे हिवाळाभर उघड्यावरच राहतात. त्यांना तबेला माहीत नसतो. खुराने बर्फ उकरायचा आणि खालचं गवत खायचं, एवढंच त्यांचं काम. भुसभुशीत बर्फ गवताला गोधडीसारखा असतो. त्याच्याखाली ते हिरवं राहतं. उणे पन्नास असो, उणे साठ असो, पोटात गवत असलं की घोड्याला थंडीशी देणंघेणं नसतं. पण त्या गोधडीवर बर्फाचं कडक झाकण बसलं, की खूर फुटतो, पायातून रक्त येतं आणि खाली गवत असून घोडा उपाशी मरतो.

संध्याकाळच्या आत बिलातियान आला. तो होबोरोसच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो नाक पुसायलाही शिकला नव्हता. सासू लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. आता त्याची दाढी पांढरी झाली होती, पण तो तिच्या घरात शिरताना अजूनही आधी पातेल्यात डोकवायचा.

"काय शिजवलंयस, वहिनी?"

"तुझ्यासाठी काही नाही. बस."

तो बसला. तिने त्याच्यापुढे दूध घातलेला चहा आणि जाड भाकरीचा तुकडा ठेवला. त्याने भाकरी मोडली, एक कण शेगडीतल्या विस्तवाला दिला आणि मग बोलला.

"कळप बघितलास ना?"

"बघितला."

"मग काय ठरवलंस? अजून अंगावर चरबी आहे. नोव्हेंबरात अर्धे कापू. मांस तरी मिळेल. उरलेल्या अर्ध्यांना आहे ते वाळलेलं गवत पुरेल. नाहीतर फेब्रुवारीत सगळ्यांची हाडं मोजत बसशील."

सोव्हिएत काळातलं सरकारी शेत मोडलं तेव्हा होबोरोसच्या नवऱ्याला आणि बिलातियानला वाट्याला घोड्या मिळाल्या होत्या. त्यांचाच हा कळप झाला. नवरा गेला. त्याच्या मागे घोड्यांबरोबर राहिली ती होबोरोस. पण निम्मा हक्क बिलातियानचा होता, हे तिला नाकारता येत नव्हतं.

"एकही कापायची नाही," ती म्हणाली. "खारा-तीतला नेते सगळ्यांना."

खारा-तीत म्हणजे डोंगराच्या पलीकडची, नदी ओलांडून जायची दरी. तिथे सूचिपर्णी झाडांचं दाट रान होतं. रानात पाऊस फांद्यांवर अडतो, जमिनीवर झाकण धरत नाही.

बिलातियान हसला. "तू? या वयात? तिथल्या झोपडीचं छप्पर तरी आहे का जागेवर?"

"नसेल तर तू घालशील."

"मी कशाला येतोय!"

"मग नको येऊस. पण तुझ्या निम्म्या घोड्या तू हाक. माझ्या मी नेते. कोणती कोणाची, ते तूच घोड्यांना समजावून सांग."

 घोड्यांना असं वाटून घेता येत नाही. तुल्लुक जिकडे जाईल तिकडे कळप जातो आणि मागून काळा नर कोणाला रेंगाळू देत नाही. शेवटी त्याने चहाचा पेला उपडा ठेवला आणि एक अट घातली. वसंतापर्यंत कळप जगला तर तो इथेच राहील, पुन्हा कापायचं नाव काढणार नाही. नाही जगला, तर उरलेले खाटकाकडे जातील आणि होबोरोस मुलीकडे शहरात राहायला जाईल.

"कबूल," होबोरोस म्हणाली. इतक्या चटकन, की बिलातियानच गडबडला.

मुलगी सायिना शहरात शिक्षिका होती. तिच्या घरात ऊब राहावी म्हणून भिंतींना गरम पाण्याच्या नळ्या होत्या, खिडक्या कधी उघडत नसत. होबोरोस एक हिवाळा तिथे राहून आली होती आणि तो सगळा हिवाळा खोकत होती. "आई, इथे उणे काही नाही," सायिना म्हणायची. "तेच तर," होबोरोस म्हणायची.

होबोरोस याच कुरणाच्या काठी जन्मली होती, फेब्रुवारीत. तिच्या उजव्या गालावर रुपयाएवढा गुळगुळीत डाग होता, लहानपणी गारठलेला. तरुणपणी तिने सरकारी गोठ्यात दूध काढलं. पाणी पाजायला गायी तळ्यावर न्यायच्या, तेव्हा त्यांच्या सडांना सशाच्या कातड्याच्या पिशव्या बांधायच्या, त्या ती शिवायची. तिच्या हातची पिशवी कधी सुटली नाही. दक्षिणेकडून आलेल्या एका पाहुण्याने तिला तेव्हा विचारलं होतं, "इतक्या थंडीत माणसं-जनावरं जगतात तरी कशी?" तिने त्याच्या पायांकडे बघून म्हटलं होतं, "आधी ते बूट बदला, मग सांगते."

पण एक गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. लहान असताना वसंताच्या आधीच जन्मलेलं एक शिंगरू तिला बर्फात सापडलं होतं, कानांची टोकं गोठलेलं, थरथरणारं. तिने ते उचलून घरात आणलं आणि शेगडीजवळ आपल्या पांघरुणात घेतलं. शिंगरू शांत झालं. तिला केवढा आनंद झाला! वडील आले, त्यांनी बघितलं आणि काही न बोलता ते उचलून पुन्हा आईपाशी ठेवलं. ते जगलं नाही. वडील एवढंच म्हणाले, "उबेत नेलंस. त्यामुळे त्याला थंडी नवी झाली."

नोव्हेंबर लागायच्या आधी ते निघाले. बिलातियान अर्थातच आला. छपराचं सामान घेऊन आला, वर "तुला छप्पर घालता येत नाही म्हणून" असंही म्हणाला. होबोरोस पुढे, एका खोगिराच्या घोड्यावर; तिच्या मागे तुल्लुक; मग बाकीचे; सगळ्यांच्या मागे काळा नर आणि त्याच्याही मागे बिलातियान, नराला शिव्या घालत.

खारा-तीतला पोचल्यावर तिने खोगिराचे दोन्ही घोडे खुंटाला बांधले, तोंड वर ठेवून, खायला-प्यायला न देता. दमून तापलेल्या घोड्याला आधी निवू द्यायचं, मग चारा, हे इथे कोणी कोणाला शिकवत नाही. घोडे निवत उभे होते आणि बिलातियान झोपडीच्या दारात उभा राहून म्हणत होता, "त्यांना निवू दे, पण मला का उपाशी ठेवतेयस? मी कुठे तापलोय?"

"तू वाटभर तापलेलाच होतास. गप उभा राहा."

रानात झाकण नव्हतं. तुल्लुकने पहिल्यांदा खूर मारला, बर्फ धुरासारखा उडाला, आणि खाली वाकून ती चरू लागली. होबोरोसने ते झोपडीच्या दारातून बघितलं. त्या क्षणापासून पुढचे दोन महिने तिने फार काही विचार केला नाही. पाण्यासाठी बर्फाच्या लाद्या कापणं, लाकडं फोडणं, गोठलेला मासा सुरीने तासून खाणं, आणि दिवसातून एकदा रानात जाऊन घोड्यांच्या पाठी बघणं. पाठीवर पडलेला तुषार वितळला नसेल तर आतली ऊब आतच आहे. वितळला असेल तर ती बाहेर पळतेय. तिला एकाही पाठीवर पाणी दिसलं नाही.

डिसेंबर-जानेवारीत थंडी अशी पडली की श्वास तोंडाबाहेर आला की कुजबुजत गोठायचा. झाडं फुटल्याचे आवाज यायचे. वारा अजिबात नव्हता. धूर काठीसारखा सरळ उभा राहायचा. घोड्यांच्या नाकपुड्यांना लोंबणारे बर्फाचे गोळे यायचे आणि ते एकमेकांच्या अंगावर घासून ते पाडायचे.

इथली लहान पोरंही सांगतात, की हिवाळा हा उत्तरेच्या समुद्रातून येणारा पांढरा-निळा बैल आहे. त्याची शिंगं जितकी वाढतात तितकी थंडी. जानेवारी सरताना त्याचं एक शिंग मोडतं, फेब्रुवारीत दुसरं, मग मान पडते. वसंतात नद्या फुटल्या की त्याचं धड बर्फाबरोबर वाहत समुद्राला जातं. पहिलं शिंग पडलं की लोक हिशेब बदलतात. जनावरांना चारा मोकळ्या हाताने घालतात, प्रवासाची बोलणी करतात.

एका सकाळी होबोरोस बाहेर आली आणि धूर वाकलेला दिसला. दक्षिणेकडून वारा होता. पायाखालचा बर्फ चिरचिरत नव्हता, मऊ दबत होता. श्वास कुजबुजत नव्हता. आणखी दोन सकाळी तेच.

"शिंग पडलं," ती म्हणाली.

बिलातियान बूट चढवत होता. "इतक्या लवकर?"

"पडलं म्हणजे पडलं. आवरायला लाग. घरी वाळलेलं गवत तसंच पडून आहे. तुल्लुकचं पोट बघितलंस? तिला आता उकरणं जड जातंय."

"दुसऱ्या शिंगाची वाट बघू ना. इथे अजून गवत आहे."

"तुला इथे राहायचंय?"

"मला कुठेच राहायचं नाहीये, वहिनी. पण तुला घरी जायची घाई झालीये."

ती चिडली, कारण ते खरं होतं. शेजारणीकडे ठेवलेली गाय, स्वतःची शेगडी, स्वतःची खिडकी तिला आठवत होती. तुल्लुकला उकरणं जड जातंय हेही खरं होतं, पण ते दुसरं कारण होतं.

ते निघाले. डोंगर उतरेपर्यंत सगळं ठीक होतं. नदीच्या अलीकडे पोचले तसा वारा थांबला, आणि मग आभाळ एकदम उंच गेल्यासारखं निळं झालं. होबोरोसच्या पापण्या एकमेकींना चिकटू लागल्या. तिने श्वास सोडला आणि तो तिच्या कानाजवळ कुजबुजला.

बिलातियान मागून काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं वाटलं असतं.

परत फिरायचं तर डोंगराचा चढ होता, आणि चढावर घोड्या घामेजल्या असत्या. पुढे नदी, आणि नदीपलीकडे सरकारी शेताच्या काळातली एक सोडलेली झोपडी आणि गोठा. ती पुढे निघाली. अशा थंडीत नदी तळापर्यंत गोठू लागते, कोंडलेलं पाणी फट शोधून बर्फावर येतं आणि वरच्या भुसभुशीत थराखाली लपून राहतं. थंडी जितकी कडक, तितकं पाणी वर. हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती काठाकाठाने, काठी टोचत चालली. पण खोंगोर नावाच्या म्हाताऱ्या घोडीने ओळ सोडली, ती मधे घसरली, आणि तिला वळवायला तुल्लुक वळली.

तुल्लुकचे पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले. खोंगोर तर पोटापर्यंत.

"बर्फात!" होबोरोस ओरडली. "कोरड्या बर्फात घाल त्यांना!"

बिलातियानने घोडा मधे घातला, दोघींना काठावरच्या खोल भुसभुशीत बर्फात हाकललं. कोरडा बर्फ टिपकागदासारखा पाणी शोषतो. होबोरोस खाली उतरली, मूठमूठ बर्फ तुल्लुकच्या पायांवर दाबू लागली, तो भिजला की झटकून नवा. मग जे गोठलं ते काठीच्या मुठीने ठोकून पाडलं. खोंगोर धडपडून धडपडून घामेजली होती. तिच्या पाठीवरचा तुषार वितळून पाणी झालं होतं. होबोरोसने ते बघितलं आणि नजर वळवली.

झोपडीपाशी पोचेपर्यंत उजेड होता. बिलातियानने गोठ्याचं दार लाथेने उघडलं.

"आत चूल आहे. दोघींना आत घेऊ. पेटवतो."

"नको."

"नको? तुल्लुकचे पाय लाकडासारखे झालेत. पोटात पोर आहे तिच्या!"

"म्हणूनच नको. आत घेतलीस तर सगळं वितळेल, केसांच्या मुळापर्यंत ओली होईल. उद्या बाहेर काढावीच लागेल. मग?"

"मग काय, उद्याचं उद्या!" तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. दाढीवरचा बर्फ हलत होता. "तू म्हणालीस शिंग पडलं. मी ऐकलं. आता पुन्हा तुझंच ऐकू? तुझं काय, तू म्हणशील ते घोड्यांनी ऐकायचं, बैलाने ऐकायचं, देवानेही ऐकायचं!"

 शिंग पडलं असं होबोरोसला वाटलं होतं, कारण ते पडावं असं तिला हवं होतं. आता घोडी बाहेर ठेवावी असं तिला वाटत होतं ते तरी कशावरून? वडिलांनी एकदा म्हटलं होतं म्हणून? लहानपणच्या त्या शिंगराच्या भीतीने? लोक सांगतात तेही चुकलं होतं, ती सांगत होती तेही चुकलं होतं.

"थांब," ती म्हणाली. "मला बघू दे."

ती तुल्लुकजवळ गेली. गुडघे वाकवून तिने पाय बघितले, मग पाठ. पाठीवर तुषार जसाच्या तसा होता, कोरडा, पांढरा. कान पुढे होते. गोठ्याच्या उघड्या दाराकडे घोडीने बघितलंही नाही. तिने एक पाय उचलला, बर्फाचं कडं असलेला, आणि खाली मारला. जोर नव्हता. पुन्हा मारला. झाडाच्या बुंध्याशी बर्फ उडाला. तिने तोंड खाली घातलं.

"ती चरतेय," होबोरोस म्हणाली.

 बिलातियानने गोठ्याचं दार ओढून घेतलं.

"आणि खोंगोर?"

"तिचं मला माहीत नाही, बिलातियान. तिची पाठ ओली आहे. तुला आत घ्यायची असेल तर घे."

त्याने खोंगोरला आत घेतलं, चूल पेटवली, तिचं अंग आपल्या कोटाने पुसलं. होबोरोस बाहेर आणि आत फेऱ्या मारत राहिली. सकाळी खोंगोर गोठ्यात, त्या कोटावर मान टाकून पडलेली होती. आत घेतल्यामुळे गेली की बाहेरही गेलीच असती, ते दोघांनाही ठरवता आलं नाही, आणि त्यांनी त्यावर भांडण केलं नाही. बिलातियान टोपी काढून उभा राहिला. एवढ्या थंडीत त्याचे कान लाल झाले, मग पांढरे होऊ लागले, तेव्हा होबोरोसने टोपी त्याच्या डोक्यावर दाबून बसवली.

"आता तुझे कानही मला जपायला लावू नकोस."

तुल्लुक झाडाखाली उभी होती, पायांवर कडं नव्हतं. तिने ते रात्रीतून चालून, उकरून, स्वतःच पाडलं होतं. ते निघाले. हळू, घाम येणार नाही इतकं हळू. होबोरोस सगळा वेळ पायीच चालली.

खोंगोरचं डोकं त्यांनी बरोबर आणलं. घराजवळच्या उंच झाडावर, पूर्वेकडे तोंड करून, बिलातियानने ते बांधलं. मेलेल्या घोड्याचा मान म्हणून इथे असंच बांधतात. मग घरातलं वाळलेलं गवत आणि कुरणातलं, वाऱ्याने जिथे झाकण पातळ केलं होतं तिथलं, असं पुरवून पुरवून त्यांनी बैलाची मान पडेपर्यंत दिवस काढले. या वेळी ती कधी पडली ते होबोरोसने कोणाला सांगितलं नाही. बिलातियान मुद्दाम विचारायचा, "काय वहिनी, पडली का?" आणि ती म्हणायची, "तुलाच विचारणार होते."

एप्रिलच्या शेवटी तुल्लुक व्याली. बर्फ अजून घोट्याइतका होता. शिंगरू करड्या रंगाचं होतं, ओलं, लांब पायांचं. पहाटेच्या थंडीने त्याच्या कानांची टोकं चिमटीएवढी वाकली होती. ते थरथरत होतं. होबोरोस काही पावलांवर उभी होती आणि बिलातियान तिच्या शेजारी.

शिंगराने उठायचा प्रयत्न केला आणि ते पडलं. पुन्हा उठलं, पुढचे पाय एकमेकांत अडकले. होबोरोसने आपले दोन्ही हात कोटाच्या बाह्यांत घातले, डावा उजव्या बाहीत, उजवा डाव्या बाहीत, आणि आत स्वतःची मनगटं घट्ट धरली.

"ऊठ," ती हळूच म्हणाली. "ऊठ बाळा."

तुल्लुकने त्याला चाटलं, नाकाने ढकललं. चौथ्यांदा ते उभं राहिलं आणि तसंच डुगडुगत आईच्या पोटाखाली गेलं.

अटीचं काय, हे कोणीच बोललं नाही. कळपात एक घोडी कमी होती. होबोरोस त्याच्या बोलण्याची वाट बघत होती, आणि शहरातल्या त्या न उघडणाऱ्या खिडक्या तिला दिसत होत्या.

बिलातियानने दाढी खाजवली. "यंदा वरच्या कुरणातलं गवत आधी कापायला हवं," तो म्हणाला. "ऑक्टोबरचा काय भरवसा. दुप्पट साठवू."

 शिंगरू दूध पिताना शेपटी हलवत होतं.

"मग तुझा तो गंजका विळा आधी घासून ठेव," ती म्हणाली. "गेल्या वर्षी गवत कापण्यापेक्षा वाकवलंच जास्त होतंस."